सुका, शोष, खुष्की, सुखोई

कोल्हापूरहून पश्चिमेला ५५ किलोमीटर गेले की गगनबावडा लागतो. देश इथे संपतो आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. इथे पाच-सहा हजार. आषाढात आठ-आठ दिवस सूर्याचे दर्शन नाही, भिंतींना ओल, दांडीवरचे धुणे चार दिवस तसेच दमट. अशा मुलखात 'सुका' या विशेषणाचे मोल वेगळेच असते. मृगाच्या आधी माळ्यावर चढवलेले सुके जळण, आडोशाला रचून झाकलेल्या शेणी, गुरांसाठी राखलेले भाताचे पिंजर, घाटाखालून आलेली सुकट आणि सुके बोंबील. पावसाळ्याची बेगमी म्हणजे बहुतेक सुक्या वस्तूंचीच बेगमी. तीही ओल धरू लागली की घरची बाई लाकडे चुलीच्या वैलाला टेकवून ठेवते आणि आजच्या आचेवर उद्याचे जळण सुकवते.

हा 'सुका' प्राकृतातल्या 'सुक्क'वरून आला, आणि 'सुक्क' संस्कृत 'शुष्क'वरून. ऋग्वेदात अग्नीला उद्देशून म्हटले आहे की तू जिवंत असून सुक्या लाकडातून जन्मतोस. तिथे हाच 'शुष्क' आहे. त्याच्याही मागे शब्दाचा मोठा प्रवास आहे. त्या प्रवासात जे भाऊबंद फुटून दूर गेले, त्यांतले एक घराणे स्लाव लोकांचे. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या भाषा ज्या एका भाषेतून निघाल्या, ती आद्य-स्लाव भाषा कुणी लिहून ठेवली नाही. तिच्यातले 'सुका' या अर्थाचे विशेषण पंडितांनी वंशज भाषांवरून मागे जात जात जुळवले आहे: *सुखु. यातला शेवटचा 'उ' अगदी तोकडा, ओझरता उच्चारायचा. 'ख' घशात घासून, फारसी 'खुदा'मधल्यासारखा. आधीचा तारा असे सांगतो की हे रूप कुठल्या शिलालेखात किंवा पोथीत सापडलेले नाही, नियमांनी सिद्ध केलेले आहे. मराठी कानाला यात 'सुख' ऐकू येते, पण 'सुख' या शब्दाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

कानाला सारखे वाटले म्हणून नाते जोडायचे, अशा व्युत्पत्त्यांचे पीक आपल्याकडे उदंड आले आहे. 'शुष्क' आणि *सुखु यांचे नाते तशा पायावर उभे नाही, म्हणून ते मला मोलाचे वाटते. त्याचा पाया एका नियमात आहे आणि तो नियम संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने, नकळत का होईना, घोकलेला असतो. सप्तमीचे अनेकवचन आठवा: मालासु, पण हरिषु, गुरुषु, नदीषु. 'आ'नंतर 'स' जसाच्या तसा राहतो. इ, उ, र, क यांच्या पाठोपाठ आला की त्याचा 'ष' होतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हे सूत्रबद्ध करून ठेवले आहे. आश्चर्य असे की स्लाव भाषांतही नेमक्या याच जागी 'स' बदलला, फक्त तिकडे त्याचा पुढे 'ख' झाला. संस्कृतात 'सूनु' म्हणजे मुलगा, सप्तमीचे अनेकवचन 'सूनुषु'. जुन्या स्लाव भाषेत मुलगा या अर्थाचा शब्द तोच, आणि त्याच विभक्तीचे रूप 'सिनुखु'. योगायोगाने एखादा शब्द जुळेल. प्रत्यय, त्याची जागा आणि त्यातला बदल असे सगळे एकदम जुळत नाही.

ही गोष्ट ध्यानात यायला शंभरावर वर्षे लागली. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले. पुढे १८१६ साली फ्रान्झ बोप या जर्मन तरुणाने क्रियापदांची रूपे शेजारी शेजारी ठेवून ते दाखवून दिले, आणि १८३३ पासून निघू लागलेल्या आपल्या तुलनात्मक व्याकरणात स्लाव भाषांनाही जागा दिली. ऑगस्ट श्लायशरने न सापडणाऱ्या शब्दांना तारा लावण्याची शिस्त घातली. त्याचा तर त्या रूपांवर इतका विश्वास होता की १८६८ साली त्याने त्या हरवलेल्या मूळ भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच रचली. मिक्लोशिच या स्लोव्हेन विद्वानाचा स्लाव भाषांचा व्युत्पत्तिकोश १८८६ साली व्हिएन्नात निघाला. एवढी सामग्री जमल्यावर १८९५ साली होल्गर पेडरसन या अठ्ठावीस वर्षांच्या डॅनिश पंडिताने स्लाव भाषांतला 'ख' कुठून आला यावर एक लेख लिहिला. 'स' कधी बदलतो याच्या अटी त्याने नेमक्या मांडल्या. या सगळ्या विद्वानांच्या हाती तुलनेचे मुख्य साधन होते ते संस्कृत व्याकरण. ते नसते तर युरोपला आपल्याच भाषांची मुळे इतक्या लवकर सापडली नसती, हे मोकळेपणाने म्हणायला हरकत नाही.

आता शब्दाच्या आत थोडे जवळून पाहू. *सुखु आणि 'शुष्क' यांत दोन्हीकडे 'उ' दिसतो, पण ते दोन 'उ' एक नव्हेत. संस्कृतात धातूतल्या 'उ'ला गुण होऊन 'ओ' येतो: बुध्–बोध, शुच्–शोक, शुष्–शोष. हा 'ओ' मुळात 'अउ' असा जोडस्वर होता. स्लाव भाषांनी त्याच जोडस्वराचा 'उ' करून टाकला. म्हणजे *सुखु हा खरा जोडीदार 'शुष्क'चा नाही, 'शोष'चा आहे. लिथुआनियन भाषा या बाबतीत फार जुनाट. तिने जोडस्वर अजून जपला आहे, तिथे सुक्याला 'साउसास' म्हणतात. गुण न झालेले रूपही स्लावांकडे आहेच. रशियनमध्ये 'सुकणे' याला 'सोख्नुत' म्हणतात, ते आपल्या 'शुष्यति'च्या पंक्तीतले. आपल्याकडे शुष्यति आणि शोष, तिकडे सोख्नुत आणि 'सुका' या अर्थाचा सुखोय: एकाच धातूची दोन अंगे दोन्ही घरांत टिकली.

'शुष्क'मधला पहिला 'श' मात्र नंतरचा. मुळात तिथे 'स' होता. पुढच्या 'ष'ने त्याला ओढून घेतले. 'श्वशुर' या शब्दातही असेच झाले आहे, पहिला 'श' दुसऱ्याच्या संगतीने आला. पुढे प्राकृतात श, ष, स यांचा एकच 'स' झाला, आणि अशा तऱ्हेने गगनबावड्याच्या बाईच्या तोंडचा 'सुका' पहिल्या अक्षरापुरता तरी वैदिक 'शुष्क'पेक्षा मूळ रूपाच्या जवळ जाऊन बसला.

प्राकृतात 'सुक्क' आणि 'सुक्ख' अशी दोन रूपे चालत. हिंदीने दुसरे उचलले आणि 'सूखा' केले. मराठी, कोकणी, गुजराती पहिल्याच्या वाटेने गेल्या: सुका, सुको, सूकुं. पंजाबीने तर जोडाक्षरही सोडले नाही, तिथे 'सुक्का'. कोल्हापुरात मटणाच्या ताटात 'सुक्कं' येते तेव्हा दोन 'क' स्पष्ट ऐकू येतात, पण त्याला प्राकृताचा जिवंत अवशेष ठरवण्याची घाई करू नये. जोर द्यायला मराठी माणूस व्यंजन दुप्पट करतोच; असा–अस्सा, कसा–कस्सा, सगळं–सग्गळं.

अर्थांचा पसारा दोन्हीकडे कसा वाढला ते पाहण्याजोगे आहे. स्लाव भाषांत या विशेषणाने कोरडेपणाचा सगळा प्रांत एकट्याने सांभाळला. वाळलेले लाकूड, अंगाने वाळलेला माणूस, तुटक उत्तर, भावनाशून्य बोलणे, सगळ्याला रशियनमध्ये 'सुखोय' चालते. वाळवून ठेवलेल्या पावाच्या तुकड्याला 'सुखार' म्हणतात. सैनिकाच्या आणि वाटसरूच्या पडशीतला तो शिधा. पोलिशमध्ये 'सुशा' म्हणजे अवर्षण. रशियनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जमीन, समुद्राच्या उलट. प्राग शहराच्या एका भागाचे नाव सुखडोल, म्हणजे सुकी दरी. इस्रायलचे लोक समुद्र दुभंगून पायी पार झाले ती बायबलातली कथा स्लावांच्या धर्मभाषेत सांगितली जाते तेव्हा त्या पाण्यातल्या वाटेलाही हेच विशेषण लागते.

मराठीने हे काम दोघांत वाटून दिले, 'सुका' आणि 'कोरडा'. ओल होती आणि ती गेली, तर सुका: सुके खोबरे, सुका मेवा, वसईची सुकेळी. ओल नाहीच, किंवा हवी तिथे नाही, तर कोरडा: कोरडी विहीर, कोरडवाहू रान, कोरडी सहानुभूती. रशियन माणसाचे सुखोय उत्तर मराठीत कोरडे होते. अंगाचे मात्र आपणही सुकण्यावर ठेवले. आजारातून उठलेल्या पोराला 'किती सुकलंय' असेच म्हणतो. कोल्हापूर-साताऱ्याकडे भाकरीबरोबरच्या पातळ कालवणाला 'कोरड्यास' म्हणतात, भाकरीच्या कोरडेपणाला जोड म्हणून. ते 'सुक्यास' कधी झाले नाही. १९७२च्या दुष्काळात मुलांना वाटली ती 'सुकडी' या घराण्यातली. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला 'सुकती' म्हणतात, पाणी मागे जाऊन जमीन उघडी पडते म्हणून. आणि संस्कृतातून थेट आलेला 'शोष' घशाला पडता पडता 'शोषण' आणि 'शोषित' या शब्दांतून मोर्च्याच्या फलकावर जाऊन पोचला.

तिसरी शाखा इराणची. तिकडे शब्दारंभीच्या 'स'चा 'ह' होतो, सिंधूचा हिंदू होतो तसाच. म्हणून अवेस्तात हा शब्द 'हुष्क' आहे. पर्सेपोलिसच्या एका लेखात सम्राट दारयवहूने आपल्या ताब्यातले लोक मोजताना जमिनीवरचे यवन वेगळे आणि समुद्राकाठचे यवन वेगळे सांगितले आहेत. तिथे 'जमीन' या अर्थी शब्द आहे 'उष्क', म्हणजे सुका भाग. ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमारास सुकेपणावरून जमिनीचा अर्थ निघालेला आहे, आणि रशियन 'सुशा'तही नेमका तोच. हे कीलाक्षरी लेख वाचण्यात ज्याचा मोठा वाटा, तो हेन्री रॉलिन्सन १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला होता आणि फारसी हिंदुस्थानातच शिकला होता. 'हुष्क'चा फारसीत 'खुश्क' झाला, आणि फारसी जिथे दरबारची भाषा झाली त्या दख्खनमध्ये मराठीने तो उचलला: खुष्की, खुष्कीचा मार्ग. उलट बाजूचा शब्दही फारसीच, 'तर' म्हणजे ओला, त्यावरून जलमार्गाला 'तरी'. रश्श्यावर तरंगणारी तरी याच 'तर'ची. सुक्कं आणि तरी ताटात शेजारी येतात तेव्हा जुन्या कागदपत्रांतली खुष्की आणि तरी समोरासमोर बसलेली असते.

बावड्याचे महत्त्व या खुष्कीमुळेच. घाटाखाली खारेपाटण, शिलाहारांच्या काळापासूनचे बंदर, रट्टराजाचा शके ९३० म्हणजे इ.स. १००८चा ताम्रपट तिथे सापडला आहे. खाडीतून आलेला माल तरी संपवून खुष्कीला लागे तो या घाटांनी. मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर चढत. गूळ, मिरची आणि तंबाखू खाली उतरत. वर गगनगड. शिलाहार गेले, बहामनी आले, आदिलशाही आली, आणि शेवटी बावडा रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर झाला. रामचंद्रपंत शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्य होते. १६८९ साली राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा इकडचा सगळा कारभार त्यांच्यावर पडला, आणि त्यासाठी त्यांना मिळालेला किताब होता 'हुकूमतपनाह'. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते, तरी काही वर्षांनी राज्य सांभाळणाऱ्या माणसाचा किताब फारसीच राहिला. शब्द हुकमाने काढता येत नाहीत, विशेषतः वाहतुकीचे आणि जकातीचे. पंतांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. घाटमाथ्यावर जहागीर असलेल्या या घराण्याला पाणी आणि जमीन या दोन्ही वाटांचे भान होते, यात नवल नाही.

सुका, खुष्की आणि सुखोय हे तिघे एका प्रदेशात एकत्र आल्याचा एक प्रसंग इतिहासात आहे. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा त्वेर शहराचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. व्होल्गेवरून निघताना वाटेत लुटला गेलेला, इराणात वर्षाहून अधिक राहून होर्मुझमार्गे आलेला, विकायला एकच घोडा बरोबर. चौलहून तो जुन्नरला गेला आणि तिथे त्याला पावसाने गाठले. आपल्या वहीत त्याने या दिवसांना हिवाळा म्हटले आहे, कारण त्याच्या देशात माणसाला घरात कोंडणारा ऋतू म्हणजे हिवाळा. आणि चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल होता असे नोंदवले आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला. एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी करून त्याला सोडवले. निकितिनच्या वहीत रशियन मजकुराच्या मधेच फारसी, तुर्की, अरबी यांचे मिश्रण येते. त्याच्या तोंडी स्लाव घराण्याचा शब्द, भोवतालच्या अंमलदारांच्या तोंडी फारसी घराण्याचा, आणि ज्या रयतेत तो चिखल तुडवत हिंडला तिच्या तोंडी मराठी. कमीत कमी तीन हजार वर्षांपूर्वी एकमेकांना सोडून गेलेली ही भावंडे जुन्नरच्या पावसात एका बाजारपेठेत होती, आणि तिथे कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. असायला मार्गही नव्हता.

त्याच सुमारास दक्षिणेला बहामनी वजीर महमूद गावान कोकण आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, जिंकायच्या मोहिमेवर होता. पावसाळा लागला तसे त्यालाही डोंगर सोडून कोल्हापूर भागात छावणी करावी लागली. निकितिनने या मोहिमेचीही खबर लिहिली आहे. पुढे तो दाभोळहून परत निघाला आणि त्वेरला पोचण्याआधी, स्मोलेन्स्कजवळ, वारला. वही मात्र पोचली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या इतिहासकाराच्या हाती ती मठातल्या जुन्या कागदांत लागली.

मराठीच्या बाजूने हा शोध पुढे नेणाऱ्यांतही परके लोक आहेत आणि आपलेही. ज्यूल ब्लोक या फ्रेंच विद्वानाने मराठी कशी घडली यावर १९१४ साली प्रबंध तयार केला; महायुद्धामुळे तो बाहेर यायला १९२० उजाडले, आणि १९४१ साली वा. गो. परांजपे यांनी 'मराठी भाषेचा विकास' या नावाने तो मराठीत आणला. राल्फ टर्नरने १९१६ साली एका लेखात मूळ भारत-युरोपीय स्वराघाताच्या खुणा मराठीत दाखवण्याचा प्रयत्न केला. १९६२ ते १९६६ मध्ये निघालेल्या त्याच्या मोठ्या कोशात 'शुष्क'खाली सगळ्या आर्यभाषांची रूपे एकत्र आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी धातू आणि नामे यांची प्रचंड टिपणे केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते गेले आणि धुळ्याच्या मंडळींनी ती जपून कोशरूपाने छापली. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६चा. दोन वर्षे आधी, जानेवारी १९४४ मध्ये, बर्लिनमध्ये माक्स फास्मरच्या घरावर बॉम्ब पडून रशियन व्युत्पत्तिकोशासाठी जमवलेली त्याची सामग्री आणि ग्रंथसंग्रह जळाला होता. फास्मरने पुन्हा शून्यातून आरंभ केला आणि १९५० ते १९५८ या काळात कोश पुरा केला. शब्दांच्या मुळांसाठी इतकी वर्षे देणाऱ्या या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

पेडरसनचा लेख निघाला त्याच वर्षी, १८९५ च्या जुलैत, आजच्या बेलारूसमधल्या ग्लुबोकोये गावी एका शिक्षकाच्या घरी मुलगा जन्मला: पावेल ओसिपोविच सुखोय. तो मोठा होऊन विमानांचा रचनाकार झाला आणि १९३९ साली त्याची स्वतंत्र संस्था उभी राहिली. विमानांना त्याचे आडनाव लागले. आपल्या वर्तमानपत्रांनी ते 'सुखोई' असे रूढ केले. २७ सप्टेंबर २००२ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झाले, आणि २००४ पासून नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. या आडनावातला शेवटचा 'य' म्हणजे स्लाव भाषांनी विशेषणाला मागून चिकटवलेले एक जुने सर्वनाम, संस्कृत 'यः' ज्या मुळातून आले त्यातलेच. आद्य-स्लाव भाषेत हे जोडरूप ठरावीक, ओळखीच्या वस्तूसाठी वापरत. तेव्हा ओझरच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या नावाचा अक्षरशः अर्थ 'तो सुका' असा आहे.